तयार आरसी विमानाचे किट: जोडणी आणि मजबुतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे तयार किट मागवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जो भाग दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही उत्तरे साधारण ८०० ते १५०० मिलिमीटर पंखविस्ताराच्या आणि विजेच्या मोटरवर चालणाऱ्या विमानांसाठी आहेत. इंजिनाच्या विमानांत कंपने फार असतात, त्यामुळे त्यांची मजबुती हा वेगळाच विषय आहे.

१. खोक्यावर आरटीएफ, बीएनएफ, पीएनपी, एआरएफ असे काहीतरी लिहिलेले असते. यांत फरक काय?

फरक एवढाच की कारखान्याने किती काम करून दिले आहे. आरटीएफमध्ये रिमोटपासून बॅटरीपर्यंत सर्व मिळते. बीएनएफमध्ये रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा संदेश विमानात घेणारा भाग, बसवलेला असतो, पण त्याच्याशी जुळणारा रिमोट आपला असावा लागतो. पीएनपीमध्ये मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) जागेवर असतात. रिसीव्हर, रिमोट आणि बहुतेक वेळा बॅटरीही वेगळी घ्यावी लागते. एआरएफमध्ये फक्त बांधून आणि प्लॅस्टिकची पातळ फिल्म चढवून तयार केलेला सांगाडा येतो, बाकी सर्व आपण निवडून बसवायचे असते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पीएनपी घ्यावे असे मला वाटते, कारण त्यात जोडणी शिकायला मिळते आणि मोटर-ईएससीच्या निवडीत चूक होण्याचा धोका राहत नाही.

२. फोमचे विमान घ्यावे की बाल्सा लाकडाचे?

शिकण्यासाठी फोमचे. त्यातही फोमची जात पाहून घ्यावी. साधा पांढरा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, हलका आणि ताठ असतो, पण दणका बसला की काडकन तुटतो आणि बऱ्याच ग्लूंनी विरघळतो. ईपीओ थोडा जड, पण चिवट असतो आणि तुटला तरी बहुधा स्वच्छ तुटतो, म्हणून लगेच जोडता येतो. ईपीपी इतका लवचीक असतो की तो तुटतच नाही म्हटले तरी चालेल, मात्र दांडीशिवाय तो ताठ राहत नाही. बाल्साची विमाने हवेत अधिक नेमकी चालतात. पण त्यांची दुरुस्ती वेळखाऊ असते आणि सोलापूरच्या उन्हाचा त्यांच्या फिल्मवर काय परिणाम होतो ते प्रश्न १७ मध्ये दिले आहे.

३. विमान कारखान्यातून तयारच आले आहे, तर पुन्हा मजबुती करण्याची गरज काय?

तयार विमान उडण्यासाठी पुरेसे मजबूत असते; शिकाऊ हाताच्या लँडिंगसाठी आणि आपल्याकडच्या मैदानांसाठी ते तसे असेलच असे नाही. हवेत येणारा भार पंखाच्या मुळाशी, म्हणजे पंख धडाला मिळतो तिथे, सर्वाधिक असतो. जमिनीचा दणका मोटरच्या भिंतीवर (मोटर बसते ती लाकडी फळी), चाकांच्या ठोकळ्यावर (चाकांची तार बसते तो) आणि शेपटीकडे निमुळत्या होत गेलेल्या भागावर येतो. मोडलेली विमाने पाहिली तर पंखाचा मधला सपाट भाग फाटलेला क्वचित दिसतो, सांधे सुटलेले मात्र नेहमी दिसतात. म्हणून आधी कारखान्याचे सांधे तपासावेत, जिथे ग्लू पोहोचलेला नाही तिथे तो पोहोचवावा, आणि त्यानंतरही उणीव वाटली तरच नवीन काही बसवावे. विमानभर कार्बन फायबरच्या दांड्या आणि टेप लावल्याने विमान मुख्यतः जड होते. जड विमान जास्त वेगाने उतरते आणि त्यामुळे जास्त मोडते. याचा हिशेब प्रश्न १५ मध्ये आहे.

४. खोका उघडल्यावर सर्वांत आधी काय करावे?

ग्लूला हात लावू नये. टेबलावर जाडसर चादरीची घडी पसरावी, कारण फोमवर आणि फिल्मवर टेबलाच्या कडेचे व्रण पटकन उमटतात. आपल्या गावात चादर शोधावी लागत नाही. सर्व भाग एकदा ग्लूशिवाय जोडून पाहावेत. पंख धडावर ठेवून दोन्ही पंखटोकांपासून शेपटीच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर दोरीने मोजावे. ते समान नसेल तर पंख तिरका बसतो आहे. मागून पाहताना आडवी शेपटी पंखाशी समांतर आणि उभी शेपटी तिच्याशी काटकोनात दिसली पाहिजे.

त्यानंतर प्रत्येक सांध्यावर अंगठ्याने हलका दाब द्यावा. करकर आवाज आला किंवा फट उघडली, तर तिथे ग्लू कमी आहे. मोटरची भिंत, चाकांचा ठोकळा, सर्व्होंच्या जागा आणि कंट्रोल हॉर्न (हलत्या भागावरचा, सर्व्होची तार अडकवायचा छोटा खुंट) ही चार ठिकाणे कधीच गृहीत धरू नयेत. शेवटी सर्व भागांचे एकत्र वजन करून लिहून ठेवावे. पुढे आपण किती भर घातली हे त्यावरूनच कळते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल काटा यासाठी पुरतो.

५. कोणता ग्लू कुठे वापरावा? फेविक्विकने सगळे चिकटते का?

सगळे चिकटत नाही, आणि काही वस्तू तर नष्ट होतात. फेविक्विक हा सीए, म्हणजे सायनोअॅक्रिलेट जातीचा ग्लू आहे. तो पांढऱ्या थर्माकोलवर टाकला की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. ईपीओ आणि ईपीपीवर तो चालतो. थर्माकोलसाठी ‘फोम-सेफ’ असे लिहिलेला सीए मिळतो. सीए ठिसूळ सांधा देतो, म्हणून तो फोमचे तुकडे जागच्या जागी धरण्यासाठी, कापडी बिजागऱ्यांसाठी आणि बाल्साच्या घट्ट बसणाऱ्या सांध्यांसाठी ठेवावा.

दोन ट्यूबमध्ये येणारा इपॉक्सी, ज्याला बहुतेक जण अॅराल्डाइट म्हणूनच ओळखतात, कोणताही फोम खात नाही आणि फटी भरून काढतो. मोटरची भिंत, चाकांचा ठोकळा, पंखाची जोडपट्टी आणि कार्बनची दांडी यांसाठी तोच योग्य. पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी सोयीचा असतो. परंतु मोटर आणि पंखाच्या सांध्याला सावकाश धरणारा वापरावा, कारण तो लाकडात मुरतो आणि शेवटी अधिक ताकद देतो. भाग मिसळण्याचे प्रमाण ट्यूबवर दिले असेल तेच घ्यावे. हार्डनर जास्त टाकल्याने ग्लू लवकर वाळतो हा समज चुकीचा आहे. तो अर्धवट आणि चिकट राहतो.

पांढरा फेविकॉल लाकडाला उत्तम, पण फोमच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये हवा पोहोचत नसल्यामुळे तो कित्येक दिवस ओला राहू शकतो. चपलांना आणि रेक्झिनला लावतात तो पिवळसर रबरी ग्लू द्रावकात केलेला असतो. तो थर्माकोलच्या जवळही आणू नये. फायबरच्या कामाचा पॉलिएस्टर रेझिनसुद्धा थर्माकोल विरघळवतो, इपॉक्सी रेझिन विरघळवत नाही. हॉट ग्लू गन सर्व्हो धरून ठेवायला बरी, मात्र बंद गाडीत तापलेल्या विमानात हॉट ग्लू मऊ पडतो आणि जड तर तो असतोच.

६. एप्रिल-मे महिन्यांत इपॉक्सी भांड्यातच घट्ट होतो आणि फेविक्विक मात्र उशिरा धरतो. असे उलटे का?

दोन्ही ग्लू वेगळ्या कारणाने वाळतात. इपॉक्सी ही रासायनिक क्रिया असून तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ४२ अंशांच्या दुपारी ‘पाच मिनिटां’च्या इपॉक्सीला पुरती दोन मिनिटेही मिळत नाहीत. शिवाय जास्त ग्लू एका वाटीत कालवला की त्याची स्वतःची उष्णता कोंडते आणि तो आणखी लवकर घट्ट होतो. म्हणून तो थोडा-थोडा घ्यावा, पसरट झाकणात कालवावा आणि शक्यतो सकाळी लवकर काम करावे.

सीए हवेतल्या ओलाव्याने धरतो. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे तो रेंगाळतो. सांध्याच्या एका बाजूवर तोंडाची वाफ सोडली किंवा ओलसर बोट हलके फिरवले तरी पुरते. पावसाळ्यात हाच ग्लू फार चटकन धरतो आणि बाटलीतही घट्ट होतो. सीएची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

७. पंखाचे दोन भाग जोडताना काय सांभाळावे?

मधली जोडपट्टी किंवा दांडी दोन्ही भागांत सैल जात असेल तर तिच्यावर इपॉक्सी भरपूर लावावा, आणि अडकत असेल तर भोक मोठे करण्याऐवजी दांडीची टोके घासावीत. दोन पंखांच्या मधला वरचा कोन, म्हणजे डायहेड्रल, माहितीपत्रकाप्रमाणे ठेवून एका पंखटोकाखाली पुस्तकांचा आधार द्यावा आणि ग्लू पूर्ण वाळेपर्यंत पंख हलवू नये. जोडणीत एक पंख पुढच्या कडेला उचललेला राहिला, तर विमान जन्मभर एका बाजूला कलत राहील आणि रिमोटच्या ट्रिमने (बारीक दुरुस्तीच्या बटणांनी) ते फक्त झाकले जाईल. ग्लू ओला असतानाच मागून डोळा लावून दोन्ही मागच्या कडा एका रेषेत आहेत का ते पाहावे.

८. पंखात कार्बनची दांडी कुठे, किती जाड आणि किती लांब बसवावी?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. उडताना पंख वर वाकतो. त्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. फोम ताण बऱ्यापैकी सहन करतो, दाबाखाली मात्र सुरकुततो, आणि पंख बहुधा वरच्या बाजूने चुरगळून मोडतो. म्हणून दांडी पंखाच्या सर्वांत जाड भागात, पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर असावी.

गोल दांडीपेक्षा चपटी पट्टी उभी बसवली तर कमी वजनात जास्त ताठपणा मिळतो. १ बाय ५ मिलिमीटरची पट्टी आडवी ठेवली आणि उभी ठेवली, तर वजन तेच राहते, पण उभ्या पट्टीचा वाकण्याला विरोध २५ पट असतो, कारण हा विरोध उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. पातळ ब्लेडने पट्टीच्या उंचीइतकी खोल चीर द्यावी, पट्टी बारीक सॅंडपेपरने खरखरीत करून पुसावी, चिरेत इपॉक्सी भरावा, पट्टी दाबून बसवावी आणि वरून टेप लावून वाळू द्यावी. चकचकीत कार्बनला ग्लू धरत नाही, त्यामुळे घासण्याची पायरी गाळू नये.

लांबीबद्दल: वाकवणारा भार पंखटोकाकडे झपाट्याने कमी होत जातो, म्हणून टोकापर्यंत दांडी नेण्याची गरज नसते. साधारण १२०० मिलिमीटरच्या शिकाऊ विमानाला मधोमध ७०० मिलिमीटरची अखंड पट्टी पुरते. ती मध्यावर तुटक नसावी. दोन अर्ध्या पट्ट्या मुळाशी भेटवणे म्हणजे सर्वाधिक भाराच्या जागीच मजबुती खंडित करणे. पट्टीची टोके तिरपी कापावीत, नाहीतर पंख पुढे नेमका तिथेच मोडतो, ज्याचे कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

कार्बन कापताना कापायच्या जागी टेप गुंडाळावा, बारीक दातांची हॅक्सॉ वापरावी, कापण्याची जागा ओली ठेवावी आणि मास्क लावावा. त्याची धूळ फुफ्फुसांना वाईट आणि तिचे तंतू बोटांत शिरतात.

९. कार्बन महाग पडतो. बांबू किंवा सायकलचा स्पोक चालेल का?

बांबू चालतो, आणि चांगला चालतो. पतंगाच्या कमानीला वापरतात तसा सरळ रेषांचा, वाळलेला, गाठ नसलेला बांबू तासून घ्यावा आणि त्याची कडक साल पंखाच्या वरच्या पृष्ठभागाकडे ठेवावी. ताठपणात तो कार्बनच्या खूप मागे आहे, म्हणून पट्टी थोडी उंच घ्यावी लागते. सायकलचा स्पोक पंखासाठी निरुपयोगी, कारण पोलाद जड आहे. पण शेपटीच्या पुशरॉडसाठी (सर्व्होपासून हलत्या भागापर्यंतची तार) किंवा दोन एलिव्हेटर (आडव्या शेपटीचे हलते भाग) जोडणाऱ्या तारेसाठी तो उत्तम. छत्रीच्या काड्या मात्र टाळाव्यात. त्या पन्हळीच्या आकाराच्या असल्यामुळे एका दिशेला ताठ आणि पीळ पडताना अगदीच लेच्यापेच्या असतात.

१०. फक्त टेप लावून मजबुती येते का?

ताणाच्या बाजूला येते. तंतू असलेला पॅकिंगचा फायबर टेप पंखाच्या खालच्या बाजूने मुळापासून दोन्हीकडे लावला तर वाकण्याला विरोध वाढतो. वरच्या बाजूला दाब असतो आणि टेप दाब घेत नाही, तिथे दांडीच हवी. धडाच्या पोटावर, पंखाच्या पुढच्या कडेवर आणि नाकाखाली साधा पारदर्शक टेप लावला की ज्वारीची धसकटे आणि बाभळीचे काटे फोमला ओरबाडत नाहीत. लावण्याआधी फोम स्पिरिटने पुसावा आणि टेप ओढून लावू नये, कारण ताणून लावलेला टेप पंखाला पीळ देतो.

११. मोटर बसवलेली लाकडी भिंत निघून आली. ती पुन्हा कशी बसवावी?

जुना ग्लू खरवडून लाकूड उघडे करावे. ग्लूवर ग्लू लावलेला सांधा पुन्हा सुटतो. भिंतीच्या मागे चारही कोपऱ्यांत त्रिकोणी बाल्साच्या पट्ट्या इपॉक्सीने बसवाव्यात, त्यामुळे चिकटण्याची जागा वाढते. फोमचे विमान असेल तर भिंतीच्या कडेतून धडाच्या भिंतीत आरपार, प्रत्येक बाजूला दोन-दोन बांबूचे टूथपिक घालून त्यांवर ग्लू सोडावा. स्क्रूऐवजी मागून बसणारे ब्लाइंड नट वापरल्यास उत्तम, आणि धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) थेंबभर लावावा. तो प्लॅस्टिकला लागू देऊ नये, प्लॅस्टिक तडकते. बाल्साच्या धडात भिंतीच्या आतील सांध्यावर सुईच्या सिरिंजने इपॉक्सी सोडता येतो; तो किंचित कोमट केला की सहज वाहतो.

१२. मोटर उजवीकडे आणि खाली झुकलेली दिसते. वॉशर घालून सरळ करू का?

करू नये. बहुतेक शिकाऊ विमानांत मोटर मुद्दाम दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे झुकवलेली असते. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, वाढवल्यावर नाक वर उचलण्याची आणि डावीकडे वळण्याची प्रवृत्ती त्यामुळे आटोक्यात राहते. भिंत पुन्हा बसवताना हा कोन हरवतो, म्हणून काढण्याआधी चारही बाजूंची अंतरे लिहून ठेवावीत. मोटर डावीकडे झुकलेली असेल आणि प्रोपेलर नेहमीच्या दिशेने फिरत असेल, तर मात्र ती कारखान्याची किंवा मागच्या दुरुस्तीची चूक आहे.

१३. आपल्याकडच्या मैदानात चाके टिकत नाहीत. काय करावे?

काळ्या मातीचे रान उन्हाळ्यात भेगाळलेले आणि ढेकळांचे असते, पावसाळ्यात चाकाला चिखलाचा गोळा धरतो. किटसोबतची ४०-४५ मिलिमीटरची चाके गुळगुळीत धावपट्टीसाठी असतात. ती ६०-७० मिलिमीटरच्या हलक्या फोमच्या चाकांनी बदलावीत. चाकांच्या तारेचा ठोकळा ज्या जागी बसतो तिथे धडाच्या आतून २ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा तुकडा इपॉक्सीने चिकटवावा आणि तो ठोकळ्यापेक्षा सर्व बाजूंनी २०-२५ मिलिमीटर मोठा ठेवावा, म्हणजे दणका पसरतो. तार मात्र जाड करू नये. तार वाकली पाहिजे, धड फाटायला नको.

मैदान फारच खराब असेल तर सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे चाके काढून टाकणे, पोटावर फायबर टेप लावणे आणि विमान हाताने सोडून गवतावर उतरवणे. वजनही वाचते. नंतर सीजी, म्हणजे विमानाचा तोल ज्या बिंदूवर साधतो तो गुरुत्वमध्य, पुन्हा तपासावा, कारण चाके बहुधा त्याच्या पुढे असतात.

१४. सर्व्हो, पुशरॉड आणि बिजागऱ्या यांत काय तपासावे?

हे काम प्रोपेलर काढूनच करावे, याला अपवाद नाही. रिमोट आधी सुरू करावा, मग बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा. सर्व्होला वीज देऊन तो मध्यावर आल्यावरच त्याचा हात पुशरॉडला काटकोनात बसवावा. हॉर्नची भोके बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर असावीत, नाहीतर वर आणि खाली हालचाल असमान होते. पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यावर, म्हणजे क्लेव्हिसवर, सिलिकॉन नळीचा तुकडा चढवावा.

प्रत्येक बिजागरी बोटांनी ओढून पाहावी. तयार किटमध्ये ती नुसती खोचलेली, ग्लू न लावलेली निघते. कापडी बिजागरीवर पातळ सीएचे दोन थेंब दोन्ही बाजूंनी सोडले की पुरते. लांब आणि सैल पुशरॉडला मध्ये एक आधार द्यावा. त्याच्या ढिलेपणामुळे वेगात एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) किंवा एलिव्हेटर थरथरू लागतो आणि काही सेकंदांत तुटतो. उजवीकडे स्टिक दिल्यावर उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, स्टिक मागे ओढल्यावर एलिव्हेटर वर गेला पाहिजे. ही तपासणी विमानाच्या मागे उभे राहून करावी, समोरून पाहिले की गोंधळ होतो.

१५. मजबुतीसाठी किती वजन वाढले तर चालेल?

मी दहा टक्क्यांची मर्यादा धरतो. समजा, विमान ९०० ग्रॅमचे आणि पंखाचे क्षेत्रफळ २२ चौरस डेसिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ४१ ग्रॅम. त्यात १२० ग्रॅमची भर घातली की हा आकडा ४६ होतो. ज्या वेगाखाली पंख विमान धरून ठेवू शकत नाही तो वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे येथे साडेसहा टक्क्यांनी.

त्यात सोलापूरचे हवामान स्वतःची भर घालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. ४२ अंशांच्या दुपारी येथील हवा समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १३ टक्के विरळ असते, आणि तेवढ्यानेच हा किमान वेग सुमारे सात टक्क्यांनी चढतो. प्रोपेलरही तेवढी ओढ देत नाही. दोन्ही एकत्र आले की डिसेंबरच्या सकाळी छान उडणारे विमान मे महिन्यात हातातून सोडताच खाली बसते. जड केलेले विमान उन्हाळ्यात उडवायचेच असेल तर सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास उडवावे. वाराही तेव्हा शांत असतो.

१६. मजबुती केल्यावर तोल बिघडला. नाकात शिसे टाकू का?

आधी बॅटरी पुढे सरकवून पाहावी. सीजी माहितीपत्रकात दिलेल्या जागीच हवा. ती जागा दिलेली नसेल तर पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर सुरुवात करावी. तपासताना बॅटरीसह सर्व सामान जागेवर असावे. शेपटीवर लावलेला प्रत्येक ग्रॅम महागात पडतो: सीजीपासून ६० सेंटिमीटर मागे ५ ग्रॅमचा टेप लावला, तर २० सेंटिमीटर पुढे असलेल्या नाकात १५ ग्रॅम टाकावे लागतात, म्हणजे एकूण भर २० ग्रॅमची. म्हणून शेपटीची मजबुती बारीक कार्बन काडीने आणि कमीत कमी ग्लूने करावी. विमान किंचित नाकजड चालेल, शेपटीजड मुळीच चालणार नाही.

१७. बाल्साच्या विमानाची फिल्म उन्हात सैल पडून सुरकुतते. विमान खराब निघाले का?

नाही. फिल्म आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आक्रसतात, आणि कोरड्या हवेत लाकडातला ओलावाही कमी होतो. छोट्या इस्त्रीवर सुती मोजा चढवून आधी सर्व कडा दाबून घ्याव्यात, नंतर मोकळा भाग कमी तापमानापासून सुरुवात करून ताणावा. कडा सोडून मध्यापासून सुरुवात केली तर फिल्म कडेवरून सुटते. दोन्ही बाजू आलटून-पालटून ताणाव्यात, नाहीतर पंखात पीळ भरतो. फिल्म हा केवळ रंग नसून पंखाचा पिळाला होणारा विरोध बराचसा तिच्यावर अवलंबून असतो, त्यामुळे सैल फिल्मने वेगात उडू नये.

१८. फोमचा पंख वाकला किंवा नाक दबले, तर?

ईपीओ असेल तर दबलेल्या भागावर उकळते पाणी हळूहळू सोडावे किंवा किटलीची वाफ द्यावी. दबलेले दाणे पुष्कळसे फुगून वर येतात. वाकलेला पंख वाफेवर धरून किंचित उलट दिशेला वाकवावा आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा. मोटर आणि सर्व्हो आधी काढावेत. थर्माकोलवर हा उपाय करू नये.

उन्हात उभ्या बंद गाडीत विमान ठेवल्याने असे वाक येतात. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तर तिथे क्षणभरही ठेवू नये. ती घरीसुद्धा पूर्ण भरून ठेवण्याऐवजी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी.

१९. पंख रबर बँडने बांधलेला आहे. बोल्ट लावले तर जास्त मजबूत होणार नाही का?

पंख घट्ट बसेल, पण विमान कमी टिकेल. पंखटोक जमिनीला लागले की रबर बँड ताणतात, पंख सरकतो आणि दणका संपतो. तोच दणका बोल्टमधून धडात गेला तर धड चिरते. बोल्ट हवेच असतील तर नायलॉनचे घ्यावेत, ते आधी तुटतात. रबर बँड उन्हाने लवकर कडक होतात, म्हणून त्यांना चीर दिसली की बदलावेत. ते बांधताना शेवटची जोडी एकमेकींवर फुलीसारखी घालावी.

२०. कार्बन लावल्यापासून रेंज कमी झाली. संबंध असू शकतो का?

असू शकतो. कार्बन वीजवाहक आहे आणि रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतो. रिसीव्हरच्या दोन अँटेना असतील तर त्यांची उघडी टोके कार्बनपासून, बॅटरीपासून आणि ईएससीच्या तारांपासून दूर, एकमेकींशी काटकोनात ठेवावीत. ईपीओ आणि बाल्सा लहरी अडवत नाहीत, म्हणून टोके धडाच्या भिंतीला आतून चिकटवली तरी चालतात. कार्बनच्या कडेवर घासणाऱ्या तारेचे आवरण झिजून शॉर्ट होऊ शकते. तिथे टेप गुंडाळावा. प्रत्येक बदलानंतर रिमोटच्या रेंज-चेक सोयीने तपासणी करावी.

२१. माझे विमान २४० ग्रॅमचे होते, मजबुतीनंतर २६५ झाले. नियमांत काही फरक पडतो का, आणि सोलापुरात उडवावे कुठे?

फरक पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे मायक्रो असे वर्ग आहेत, आणि त्यात बॅटरीसह उडतानाचे वजन धरतात. मायक्रो वर्गात गैरव्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र नोंदणी आणि ओळख क्रमांकाबद्दलची अट उडवण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर पाहून पूर्ण करावी. विमान नेहमी नजरेच्या टप्प्यात ठेवावे.

जागेबद्दल विशेष काळजी हवी. होटगी रस्त्यावरचा विमानतळ आता चालू आहे. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक असते, आणि त्यापलीकडच्या हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत. शहरातली पूर्वीपासूनची सवयीची मैदाने यामुळे बाद होऊ शकतात, म्हणून या क्षेत्रांचा नकाशा पाहूनच ठिकाण ठरवावे. नान्नज परिसरातील माळढोक अभयारण्याचे माळरान विमानासाठी कितीही मोहक दिसले तरी तिथे उडवू नये. संक्रांतीच्या आसपास शहराजवळ पतंगांचा मांजा हवेत असतो, तो प्रोपेलरमध्ये अडकला की मोटर थांबते.

२२. दुरुस्त केलेली जागा शाबूत राहते आणि तिच्या शेजारीच विमान पुन्हा मोडते. असे का होते?

दुरुस्त केलेला भाग आजूबाजूच्या फोमपेक्षा फार ताठ झालेला असतो. पंख वाकतो तेव्हा तो ताठ तुकडा वाकत नाही, आणि सगळे वाकणे त्याच्या कडेवरच्या बारीक पट्ट्यात जमा होते. म्हणून ग्लूचा जाड थर, चौकोनी कापलेली प्लायची चकती किंवा एकाच रेषेत संपणाऱ्या दोन पट्ट्या कधीही नसाव्यात. कार्बन पट्टीची टोके तिरपी कापावीत. वर-खाली दोन पट्ट्या असतील तर एक दुसरीपेक्षा ४०-५० मिलिमीटर लांब ठेवावी. फायबर कापडाचे दोन थर असतील तर वरचा थर लहान घ्यावा. टेपचे टोक आडवे न कापता टोकदार कापावे. मोडलेल्या फोमचे दोन्ही काठ जुळत असतील तर ते घासून सपाट करू नयेत, दाण्याला दाणा बसू द्यावा आणि ग्लू पातळ लावावा. काठ चुरगळून गेले असतील, तर तेवढा भाग तिरप्या रेषेत कापून त्याच जातीच्या फोमचा तुकडा बसवावा. एकाच ठिकाणी तिसऱ्यांदा मोडलेला पंख दुरुस्त करण्यापेक्षा सुटा पंख मागवणे बरे, कारण तोपर्यंत त्या एका पंखात साचलेल्या ग्लूमुळे विमान एका बाजूला जड झालेले असते.